घरी बांधलेल्या गाडीच्या बॉडीला हवेचे डक्ट जोडताना

तुमच्या प्रश्नातील माहिती आधी एका ठिकाणी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला आहे ते इतर वाचकांनाही कळेल. चौकोनी नळ्यांच्या फ्रेमवर, पुढे १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन असलेली दोन आसनांची उघडी गाडी तुम्ही पुण्यात घरामागच्या शेडमध्ये ट्रॅकसाठी बांधली आहे. तिचे नाक आणि बॉनेट फायबरचे असून बाजूचे पत्रे ॲल्युमिनियमचे आहेत. बॉनेटवर इंजिनाच्या हवेसाठी विकत आणलेला एबीएस प्लास्टिकचा नॅका डक्ट (पृष्ठभागाच्या वर न येता आत उतरत जाणारे हवेचे तोंड), नाकाखाली पुढच्या ब्रेकसाठी दोन डक्ट, रेडिएटरच्या पुढे घरीच वाकवलेला पत्र्याचा बोगदा आणि बाजूच्या पत्र्यावर पायांशी हवा यावी म्हणून एक छोटा डक्ट, इतके काम तुम्ही पॉप रिव्हेट आणि सिलिकॉनवर उरकले. गाडी थोडी पळाल्यावर रिव्हेट खिळखिळे झाले, बॉनेटच्या जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, रिव्हेटभोवती चांदणीसारख्या भेगा उमटल्या, एका ब्रेकचा पाइप निसटून टायरला घासला, आणि आता यापेक्षा जास्त ताकदीचे चिकटवण कोणते, असे तुम्ही विचारले आहे.

चिकटवणाचे नाव पुढे देतो, पण तुमच्या गाडीतला दोष चिकटवणाच्या ताकदीचा नाही. प्रत्येक डक्ट एकाच वेळी दोन-दोन गोष्टींना पक्का बांधला गेला आहे, आणि त्या दोन गोष्टी एकमेकींच्या सापेक्ष हलतात, हा खरा दोष आहे. बॉनेट फ्रेमवर रबरी बुशांतून टेकते, इंजिन आपल्या माउंटिंगवर डुलते, रेडिएटर रबरावर बसलेला असतो, चाक वर-खाली होते आणि वळते. यांपैकी कोणत्याही दोहोंना कडक डक्टने जोडले, तर तो डक्ट नकळत गाडीच्या बांधणीचा एक भार वाहणारा भाग होतो आणि सर्वांत अशक्त जागी तुटतो. त्यामुळे प्रत्येक डक्टाबाबत पहिला निर्णय हाच करायचा की तो बॉडीचा की चॅसिसचा. जो बॉडीचा आहे तो फक्त बॉडीलाच बांधायचा, जो चॅसिसचा आहे तो फक्त चॅसिसला, आणि दोघांच्या मध्ये लवचिक नळी किंवा दबणारा फोम ठेवायचा.

हवेच्या जोराने डक्ट उखडतो असा समज सर्रास आढळतो, म्हणून एक छोटा हिशेब करून पाहू. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा गतिज दाब सुमारे ४६० पास्कल, म्हणजे पाण्याच्या ४७ मिलिमीटर उंचीएवढा असतो. तुमच्या बॉनेटवरचा डक्ट वीस बाय बारा सेंटीमीटरचा धरला आणि तो सगळा दाब त्याच्यावर आला असे मानले, तरी जोर होतो सुमारे ११ न्यूटन, म्हणजे जेमतेम एक किलोच्या वजनाएवढा. एवढा भार साधी चिकटपट्टीसुद्धा पेलेल. आता दुसरी बाजू पाहा. चार सिलिंडरचे इनलाइन इंजिन ६,००० फेऱ्यांवर फिरताना प्रत्येक फेरीला दोनदा होणारे कंपन सेकंदाला २०० वेळा, मिनिटाला १२,००० वेळा फ्रेमला हादरवते. तापमानाची गोष्टही तशीच. एबीएस प्लास्टिक उष्णतेने फायबरच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे ४०० मिलिमीटर लांबीचा एबीएसचा डक्ट आणि त्याच्याखालचे फायबर ४० अंशांनी तापले तर दोघांच्या लांबीत पाऊण मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. रिव्हेटच्या भोकांना तेवढी मोकळीक नसते, म्हणून भोक लांबट होते किंवा जेलकोट तडकतो. तुमच्या भेगा नेमक्या डक्टच्या दोन टोकांच्या रिव्हेटपाशी जास्त आहेत, त्याचे कारण हेच.

बॉनेटवरील डक्टचा विचार आधी करू, कारण तेथे काम सर्वांत जास्त आहे. नॅका डक्टचा आकार अमेरिकेतील नॅका या संस्थेने, म्हणजे आजच्या नासाच्या पूर्वसंस्थेने, १९४५ साली विमानांसाठी प्रसिद्ध केला. त्याचा तळ सुमारे सात अंशांनी उतरत जातो, बाजूच्या भिंती मागे मागे रुंदावत जातात, आणि तोंडाची रुंदी खोलीच्या तीन ते पाच पट असते. बाजूच्या भिंतींच्या वरच्या कडा धारदार असल्या तरच त्यांच्यावरून घसरणारी हवा भोवरे करून पृष्ठभागालगतचा संथ थर बाजूला सारते आणि ताजी हवा आत ओढली जाते. मागचा ओठ मात्र गोलसर हवा. घरगुती बांधणीत बहुधा याच्या नेमके उलटे होते, म्हणजे बाजूच्या कडांवर पुट्टी फिरवून त्या हाताला छान लागतील अशा गोल केल्या जातात आणि मागचा ओठ कापलेल्या पत्र्यासारखा तीक्ष्ण राहतो. डक्टचे निमुळते टोक पुढे असते, हेही सांगून ठेवतो, कारण रुंद तोंड पुढे करून बसवलेले डक्ट मी अनेक गाड्यांवर पाहिले आहेत.

जागेबाबत एकच सावधगिरी सांगतो. तुमच्या फोटोत रेडिएटरची गरम हवा बाहेर सोडणाऱ्या जाळीच्या फटी बॉनेटवर आहेत आणि नॅका डक्ट त्यांच्या थेट मागे, एका रेषेत आहे. तेथून इंजिनाला गरम हवाच मिळणार. डक्ट त्या रेषेतून बाजूला काढा. नवीन जागा ठरवताना बॉनेटवर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने लावून, शेजारून धावणाऱ्या दुसऱ्या गाडीतून कोणाला तरी चित्रण करायला सांगा. धागे सरळ मागे झोपलेले दिसतील ती जागा योग्य. जेथे ते फडफडतात किंवा उलटे वळतात, तेथे नॅका डक्ट कापून काहीही हाती लागत नाही.

आता जोडणीकडे वळू. फायबरच्या बॉनेटला एबीएसचा डक्ट जोडण्यापेक्षा त्या डक्टचा साचा म्हणून उपयोग करून फायबरचाच डक्ट काढावा, असे मी सुचवेन. दोन्ही भाग एकाच पदार्थाचे झाले की प्रसरणाचा प्रश्न मिटतो आणि जोड रिव्हेटशिवाय, मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिनचाच होऊ शकतो. एबीएसच्या खालच्या बाजूवर मेणाचे हात आणि त्यावर पीव्हीएचा, म्हणजे साच्यातून माल सुटावा म्हणून लावतात त्या द्रवाचा, पातळ थर द्या. पीव्हीए टाळू नका, कारण पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरीन एबीएसला विरघळवते आणि डक्ट साच्याला कायमचा चिकटतो. त्यावर (दर चौरस मीटरला) ३०० ग्रॅमच्या मॅटचे दोन-तीन थर देऊन भोवती ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीची सपाट किनार ठेवा. पुढचे सगळे काम या किनारीवर अवलंबून आहे. विकतच्या डक्टची किनार दहा-बारा मिलिमीटरच असते आणि तेवढ्यात ना चिकटवणाला जागा मिळते, ना भोकाला कडेपासून पुरेसे अंतर.

बॉनेट कापण्यासाठी जाड कागदाचा नमुना करून तो मास्किंग टेपवर आखून घ्या. कोपऱ्यांत आधी गोल भोके पाडा आणि मगच बारीक दात्यांच्या पात्याने त्यांच्यामधला भाग कापा, कारण फायबरमध्ये काटकोनी कोपरा ठेवला की भेग तेथूनच सुरू होते. जेलकोटवर ड्रिल लावताना पहिले काही क्षण ते उलट्या दिशेने फिरवले तर जेलकोट सोलत नाही. कापणी रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा आणि उरलेले कानशीने उतरवा. फायबरची धूळ अंगाला खाजते एवढ्यावर ती सोडून देण्यासारखी नाही, ती फुप्फुसातही जाते. चांगला मास्क आणि चष्मा लावूनच हे काम करावे.

डक्ट बॉनेटच्या खालून बसतो, म्हणजे त्याची किनार आतल्या बाजूला चिकटते आणि वर दिसते ती बॉनेटच्याच कापलेल्या भोकाची धार. नॅका डक्टला हवी असलेली तीक्ष्ण कड त्यामुळे आपोआप मिळते. आतली बाजू मूळची खडबडीत असते, पण तिच्यावर मेणाचा आणि तेलाचा अंश असतो, म्हणून आधी ॲसिटोनने पुसून, मग ४० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासून, पुन्हा एकदा पुसून घ्यावे. क्रम उलटा केला, म्हणजे आधी घासले आणि मग पुसले, तर मेण घासलेल्या ओरखड्यांत भरले जाते आणि वरवर स्वच्छ दिसणारा जोड काही महिन्यांनी अख्खा सुटून येतो. जुन्या, पूर्ण वाळलेल्या पॉलिएस्टरवर नवा थर रासायनिकरीत्या एकजीव होत नाही, तो केवळ त्या ओरखड्यांना धरून राहतो. घासण्यात हात आखडता घेतला तर पुढे कितीही महागडे रेझिन वापरून उपयोग नाही.

किनारीला रेझिनमध्ये कालवलेली पातळ पुट्टी लावून डक्ट जागी दाबा, आणि ती वाळल्यावर किनारीच्या कडेवरून बॉनेटच्या पाठीवर मॅटच्या पट्ट्या चढवा. या ठिकाणी घाई करू नये. पॉलिएस्टर रेझिन वाळताना आकसते, आणि बॉनेटची जाडी तुमच्यासारखी दोन-अडीच मिलिमीटर असेल, तर आतून एका दमात दिलेले तीन थर वरच्या रंगातून दिसू लागतात. ट्यूबलाइटखाली बॉनेटवर तिरके पाहिले की प्रकाशाची सरळ रेघ डक्टभोवती येऊन वाकडी होते, आणि गडद रंग असेल तर उन्हात ते आणखी उठून दिसते. उपाय इतकाच, की एका वेळी ३०० ग्रॅमचा एकच थर द्यावा, तो थंड होऊ द्यावा आणि मग पुढचा द्यावा. हे सगळे होईपर्यंत बॉनेट आपल्या खऱ्या आकारात धरलेले असले पाहिजे. जमिनीवर उलटे टाकून काम केले तर ते ज्या आकारात पडले असेल त्या आकारात पक्के होते आणि नंतर फ्रेमवर बसत नाही. शक्यतो ते गाडीवर लावूनच, खालून हात घालून पहिला थर द्यावा.

हार्डनरचे प्रमाण वजनाने एक ते दोन टक्के असते. एप्रिलच्या उन्हात एक टक्का पुरतो, थंडीत दीड-दोन लागतो, पण एकाच्या खाली जाऊ नये, कारण तसे रेझिन कडक झाल्यासारखे वाटले तरी पूर्ण वाळत नाही. पावसाळ्यात, मॅट ओलसर असताना, हे काम काढूच नये. तुमच्या दुकानदाराने कोबाल्ट (रेझिन वाळण्याला वेग देणारे द्रावण) वेगळ्या बाटलीत दिले असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि हार्डनर त्यानंतर घालावे. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. हार्डनर डोळ्यांत गेले तर दृष्टी जाण्याचा धोका असतो, तेव्हा मापताना चष्मा हवाच.

उमटलेल्या भेगांबद्दल तुम्ही स्वतंत्रपणे विचारले नाही, पण त्या तशाच ठेवून वरून रंग देऊ नका. पत्र्याच्या भेगेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवतात, तसे फायबरमध्ये करून भागत नाही. तेथे भेगेपुरता जेलकोट घासून काढून, आतल्या बाजूने मॅटचे एक-दोन थर देऊन, मग वरून जेलकोट भरावा लागतो. आतून आधार न देता केवळ वरून पुट्टी भरली, तर त्याच जागी तीच चांदणी पुन्हा उमटते.

डक्टपासून इंजिनाच्या फिल्टरपर्यंतचा रस्ता हा खरा कळीचा भाग आहे. तुम्ही फिल्टरचा डबा इंजिनावर बसवला आणि तो रबरी नळीने डक्टला क्लिपने आवळून बांधला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन माउंटिंगवर काही मिलिमीटर फिरते, नळी ताणली जाते, आणि ती ओढ बॉनेटवर येते. शिवाय बॉनेट काढताना दर वेळी क्लिप सोडावी लागते. त्याऐवजी डब्याच्या तोंडाभोवती २५ मिलिमीटर उंचीच्या बंद पेशींच्या ईपीडीएम रबराच्या फोमची कडी लावा आणि डक्टच्या खालच्या तोंडाला सपाट किनार ठेवा. बॉनेट बसले की फोम सुमारे एक तृतीयांश दबला पाहिजे. इतका दाब हवा अडवायला पुरतो, इंजिनाच्या हालचालीला वाव देतो, आणि बॉनेट उचलताना काहीच सोडावे लागत नाही. फोम घरगुती गादीतला उघड्या पेशींचा घेऊ नका, तो पाणी शोषतो. पाण्याचाच विषय निघाला आहे तर, डक्टच्या सर्वांत खोल जागी आठ मिलिमीटरचे एक भोक निचऱ्यासाठी ठेवा आणि फिल्टर डक्टच्या थेट खाली येणार नाही असे पाहा. नॅका डक्ट हवा जशी आत घेतो, तसेच पावसाचे पाणीही घेतो.

ब्रेकच्या डक्टांत तुम्ही तोंड नाकाला आणि नळी सस्पेन्शनच्या हाताला अशी थेट बांधली आहे. येथे मध्ये चॅसिसचा एक मुक्काम हवा. फ्रेमला एक ब्रॅकेट वेल्ड करून त्यावर ६३ मिलिमीटर व्यासाची आखूड नळी बसवा. तिच्या पुढच्या तोंडाला फोमची कडी असेल, जिच्यावर नाकातला डक्ट येऊन टेकेल, आणि मागच्या तोंडाला चाकाकडे जाणारी लवचिक नळी असेल. असे केल्याने नाक पाव फेरीच्या कळांवर काढता-घालता येते आणि नळीला कोणी हात लावत नाही. नळी पत्र्याच्या घड्यांची चंदेरी घेऊ नका. ती स्वयंपाकघरातल्या चिमणीसाठी ठीक आहे, पण रोजच्या वाकण्याने तिच्या घड्या तडकतात. आत तारेची गुंडाळी असलेली, सिलिकॉनचा लेप दिलेल्या काचकापडाची नळी महाग असली तरी डिस्कजवळच्या उष्णतेत तीच टिकते.

नळी निसटण्याचे कारण बहुतेक वेळा क्लिप सैल असणे हे नसते, तर जिच्यावर ती आवळली त्या तोंडाला कड नसणे हे असते. तोंडाच्या टोकापाशी दीड-दोन मिलिमीटर उंचीचा उंचवटा सर्व बाजूंनी फिरवा आणि क्लिप त्याच्या मागे बसवा, म्हणजे नळी ओढली गेली तरी उंचवट्यावर अडते. फायबरच्या तोंडावर क्लिप आवळताना ते चेपू नये म्हणून आतून पातळ ॲल्युमिनियमची कडी घालावी. नळीचे चाकाकडील टोक डिस्कच्या पृष्ठभागावर न रोखता तिच्या मध्यभागी, आतल्या पंखांच्या सुरुवातीला न्यावे, कारण आतून पोकळ असलेली डिस्क फिरताना स्वतःच हवा मध्यातून बाहेर फेकते. आपण फक्त तिला थंड हवा पुरवायची असते. एकाच बाजूच्या पृष्ठभागावर हवा मारली तर डिस्क असमान थंड होते. नळीची लांबी ठरवताना स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, आणि प्रत्येक स्थितीत सस्पेन्शन पूर्ण वर व पूर्ण खाली नेऊन पाहावे. त्यासाठी स्प्रिंग काढून जॅकने चाक वर-खाली करावे लागते. काम कंटाळवाणे आहे, पण तुमचा पाइप टायरला घासला तो याच एका तपासणीच्या अभावी.

रेडिएटरच्या बोगद्याबाबत तुम्ही पत्रा चांगला वाकवला आहे, मात्र तो रेडिएटरलाच रिव्हेट करायला नको होता. बोगदा फ्रेमला बांधा, आणि रेडिएटरशी व नाकाच्या आतल्या ओठाशी तो फोमने मिळवा. फटींचे महत्त्व किती, ते आकड्यानेच पटेल. ५०० बाय ३५० मिलिमीटरच्या रेडिएटरभोवती पाच मिलिमीटरची फट राहिली तर तिचे क्षेत्रफळ ८५ चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे दहा सेंटीमीटर व्यासाच्या भोकापेक्षाही थोडे जास्त. रेडिएटरच्या दाट पंखांतून जाण्यापेक्षा हवेला ती फट सोपी, त्यामुळे ती तिथूनच जाते. नाकाचे तोंड मोठे करण्याच्या आधी या फटी बुजवा. अनेकदा तेवढ्यानेच तापमानाची तक्रार संपते. तोंडाचे क्षेत्रफळ रेडिएटरच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश धरून सुरुवात करण्याचा प्रघात आहे.

बाजूच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरील छोट्या डक्टसाठी मात्र एबीएसच ठेवायला हरकत नाही, आणि तेथे तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर येते. काचा चिकटवण्यासाठी वापरतात ते पॉलियुरेथेन येथे योग्य, कारण ते वाळल्यावरही रबरासारखे ताणले जाते आणि प्लास्टिक व पत्रा यांच्यातील प्रसरणाचा फरक पोटात घेते. त्यासाठी त्याच्या थराला जाडी हवी. दोन ते तीन मिलिमीटर जाडी राहावी म्हणून रबराचे छोटे तुकडे मध्ये ठेवा आणि दाबून सगळे बाहेर काढू नका. इपॉक्सीचे याच्या उलट असते. ते पातळ थरात जास्त धरते, पण ताठ असल्याने अशा जोडात कडेपासून सुटत जाते. पत्रा घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, त्या चिकटवणाच्या कंपनीचा प्रायमर लावा. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने वाळते, दिवसाला साधारण तीन मिलिमीटर, म्हणून जो पावसाळा फायबरच्या कामाला मारक तोच या कामाला पोषक. उघडी राहणारी कड रंगाने झाका, कारण उन्हाने ते खराब होते. डक्ट पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा निघाला तर मात्र त्याला यातले काहीच नीट चिकटत नाही. तेथे यांत्रिक जोडच करावा लागतो.

असा यांत्रिक जोड करावाच लागला तर काही गोष्टी सांभाळा. भोकाचे केंद्र कडेपासून भोकाच्या व्यासाच्या अडीच ते तीन पट आत हवे. फायबरला रिव्हेट मारताना मागच्या बाजूला रुंद वॉशर घालावा, म्हणजे फुगलेले शेपूट फायबरमध्ये न घुसता वॉशरवर बसते. शंकूसारख्या डोक्याचे (काउंटरसंक) स्क्रू फायबरला वापरू नयेत, ते पाचरीसारखे आत शिरून भोक फाडतात. त्याऐवजी एम५ चे गोल डोक्याचे बोल्ट आणि त्यांच्याखाली मोठे वॉशर घ्यावेत. प्लास्टिकच्या बाजूचे एकच भोक नेमके ठेवून बाकीची मिलिमीटरभर सैल ठेवली, तर ते प्रसरणासाठी हलू शकते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडी रिव्हेट मारले की पहिल्याच पावसाळ्यानंतर त्यांच्याभोवती पांढरी भुकटी दिसू लागते.

सिलिकॉन मात्र या गाडीवरून पूर्ण काढून टाका. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि धातू खाते, शिवाय त्याचा पुसटसा अंश राहिला तरी त्यावर रंग धरत नाही. बारीक गोल खड्डे पडतात, ज्यांना पेंटर फिश आय म्हणतात. ते पॉलिश पेपरने घासून काढायला जाल तर सगळीकडे पसरेल. आधी पात्याने खरवडा, मग सिलिकॉन काढण्याच्या द्रावणाने पुसा, आणि सर्वांत शेवटी घासा.

तुम्ही पुढे थ्रीडी प्रिंटरवर डक्ट काढण्याचा विचार लिहिला आहे. प्रिंटरच्या प्लास्टिकांपैकी नमुना म्हणून पीएलए चालेल, पण ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ते तापमान इंजिन सुरू न करताही गाठले जाते. पीईटीजी सुमारे ८० अंशांपर्यंत टिकते. एएसए १०० च्या जवळ आणि उन्हालाही टिकाऊ, त्यामुळे छापायचेच असेल तर ते. एक्झॉस्टच्या जवळून जाणाऱ्या कोणत्याही डक्टला, मग तो फायबरचा असो वा छापलेला, किमान ५० मिलिमीटर मोकळी जागा आणि मध्ये पत्र्याची ढाल हवी.

काम झाल्यावर ते नीट झाले की नाही हे मोजण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे गवंड्यांची लेव्हलची पारदर्शक नळी. तिचा इंग्रजी यू आकार करून फळीवर बांधा, रंगीत पाणी भरा, एक तोंड रेडिएटरच्या पुढे आणि दुसरे त्याच्या मागे न्या. सोबत बसलेल्या व्यक्तीने ठरावीक वेगाला दोन्ही पातळ्यांतील फरक वाचायचा. ताशी १०० किलोमीटरला समोरचा पूर्ण दाब ४७ मिलिमीटरचा, हे वर आलेच आहे. फोम लावण्याआधी आणि नंतरचे आकडे याच्या शेजारी मांडले की कोणत्या फटीने किती खाल्ले ते स्पष्ट दिसते. फरक तरीही कमी आला तर अडचण बहुधा पुढे नसून मागे असते, म्हणजे गरम हवेला बाहेर जायला पुरेशी वाट नसते, आणि मग बॉनेटवरच्या फटी वाढवणे हे डक्ट वाढवण्यापेक्षा अधिक फायद्याचे ठरते.

गाडी रस्त्यावर आणण्याबाबत तुम्ही ओझरते विचारले आहे. डक्टने त्यात काही बिघडत किंवा सुधारत नाही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे प्रोटोटाइपची चाचणी लागते, जी पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था करते, आणि एकट्या घरगुती गाडीसाठी तो खर्च झेपणारा नाही. इंग्लंडमध्ये लोटस सेव्हन या सुटे भाग घेऊन घरी जुळवता येणाऱ्या गाडीच्या काळापासून, म्हणजे १९५७ पासून, अशा घरी जुळवलेल्या गाड्यांची परंपरा असल्याने एकेका गाडीच्या तपासणीची सोय आहे. तेथे राहणाऱ्या आणि अशी गाडी बांधणाऱ्या मराठी वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की बाहेरून हात लागू शकेल अशा कडांना त्या तपासणीत २.५ मिलिमीटरची गोलाई मागतात, त्यामुळे बाहेर आलेल्या डक्टच्या ओठाला रबरी पट्टी लावावी लागते.

रंग कधी द्यावा, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे, की फायबरचा डक्ट चिकटवल्यावर बॉनेट प्रायमरवर किमान दोन-तीन आठवडे उन्हात राहू द्या आणि त्या काळात गाडी चालवा. रेझिन त्यानंतरही थोडे आकसत राहते, आणि जे उमटायचे ते याच दिवसांत उमटते. मग घासून सपाट करून वरचा रंग द्या. पॉलियुरेथेनचा जोड असलेल्या बाजूच्या पत्र्याचे रंगकाम मात्र आधी उरकून घ्या आणि रंगवताना जोडाची जागा टेपने झाकून तेथे पत्रा उघडा ठेवा, कारण रंगावर चिकटवले तर जोडाची ताकद रंगाच्या पकडीएवढीच राहते.